पगार कुठल्या खात्यातून येणार, ते आधी विचार

वाचकांचे प्रश्न

मावशी, नमस्कार.

मी ३० वर्षांची. मूळ सोलापूरची, घर जुळे सोलापूरला. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत ३१ वर्षं यंत्रमागावर होते. आता घरीच असतात, दम लागतो, औषधं चालू आहेत. आई घरी शिवणकाम करायची. भाऊ बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मी सोलापुरातच बी.ई. कॉम्प्युटर केलं आणि पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत टेस्टिंगला लागले. येत्या जूनअखेर तिथं ५ वर्षं पूर्ण होतील. हातात ६६,००० येतात. घराचा १६,००० चा हप्ता माझ्याच पगारातून जातो.

दिवाळीत घरी आले तेव्हा मैत्रिणीबरोबर इथल्या एका सामाजिक संस्थेत गेले होते. बिडी कामगार बायका आणि त्यांची मुलं यांच्यासाठी दवाखाना, बचतगट, अभ्यासिका असं त्यांचं काम आहे. शहराच्या पूर्व भागात, शिवाय अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या ३५-४० गावांत. साठेक माणसं कामाला आहेत. त्यांच्या एक्सेलच्या याद्या मी बसल्या बसल्या दोन तासांत जरा नीट करून दिल्या. पंधरा दिवसांनी फोन आला, 'आयटी समन्वयक' म्हणून येता का? महिना ३८,०००. एका कंपनीच्या सीएसआरचा ३ वर्षांचा प्रकल्प आहे, त्यातून ही जागा. मार्चअखेर रुजू व्हायचं आणि संक्रांतीच्या आत कळवायचं. आधीचा मुलगा १४ महिन्यांत सोडून गेला, एवढं कळलं.

मला जावंसं वाटतंय. पुण्यात मी साडेचार वर्षं एका परदेशी बँकेच्या ॲपचे तेच चार पडदे तपासतेय. ते ॲप वापरणारं माणूस मी एकदाही पाहिलं नाही. पण बाबा म्हणतात, "मागावर उभं राहून तुला शिकवलं ते अर्ध्या पगारावर परत यायला नाही." ऑफिसातले म्हणतात, एकदा एनजीओत गेलीस की आयटीत परत कुणी घेणार नाही. मी काय करू? आणि त्या सोडून गेलेल्या मुलाला भेटावं का, की ते बरं दिसणार नाही?

तुमची भाची म्हणा, सध्या वाकड, पुणे

उत्तर

भाची म्हणालीस, तर मी तुला अगं-तुगंच करते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पगार लिहिलास, हप्ता लिहिलास, संस्थेत माणसं किती ते लिहिलंस. बहुतेक पत्रांत हे आकडे नसतात आणि मग मला अंदाजानं लिहावं लागतं. तुझ्या पत्रात एकच गोष्ट राहिली आहे, आणि मला सगळ्यात आधी तीच हवी होती. त्या ३ वर्षांच्या प्रकल्पातली किती वर्षं संपलीत?

हे का विचारते, ते सांगते. २००७ साली मीही पुण्यातली नोकरी सोडून सोलापुरात एका संस्थेत आले. नाव लिहीत नाही. संस्था आजही काम करते आणि चांगलं करते. मी आले तेव्हा एका परदेशी देणगीचा प्रकल्प चालू होता आणि माझी जागा त्यातली होती. मला कुणी फसवलं नाही. नेमणुकीच्या पत्रावर प्रकल्पाचं नाव स्पष्ट छापलेलं होतं, मीच ते वाचून पुढं गेले. ३१ मार्च २०१० ला प्रकल्प संपला. काम कसलं संपतंय? तोवर हिशेबाचं टॅली, दवाखान्याच्या नोंदी, बचतगटांच्या याद्या, सगळं माझ्या टेबलावरून जात होतं. एप्रिलचा पगार झाला नाही. मेचाही झाला नाही. जूनमध्ये मी सचिवांकडे गेले. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "पण आता सगळे कॉम्प्युटर नीट चालतायत की. मग?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. डॉक्टर आला नाही तर दारात रांग दिसते, बाई आल्या नाहीत तर वर्गातला गोंगाट रस्त्यापर्यंत ऐकू येतो. आपलं काम नीट चाललेलं असलं की काहीच दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला पैसे कशाला, हा प्रश्न कुणाच्याही मनात येतो. ऑगस्टमध्ये माझा पगार परत सुरू झाला, तोही विश्वस्तांपैकी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी बैठकीत विषय लावून धरला म्हणून. मधल्या चार महिन्यांचे पैसे मला मिळाले नाहीत. त्या चार महिन्यांत मी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, हे आज पहिल्यांदा लिहितेय.

म्हणून पगार ३८ की ४५, यापेक्षा तो कुठल्या खात्यातून येणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सीएसआर म्हणजे काय, तेवढं थोडक्यात. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याप्रमाणे ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, किंवा उलाढाल १,००० कोटींची आहे, किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटींची आहे, तिला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. एका वर्षापेक्षा लांब चालणाऱ्या प्रकल्पालाही त्यात मुदत आहे : सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त ३ वर्षं. म्हणजे हा पैसा मुळातच संपणारा. त्यात कंपनीला अहवालात हव्या असतात अभ्यासिकेतल्या मुली आणि तपासणी झालेल्या बायका. सर्व्हर, बॅकअप, अँटीव्हायरस यांचा फोटो कुणी मागत नाही. परदेशी देणगीचं गणित आणखी आवळलेलं आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. संस्थेच्या हिशेबनिसाला ही कसरत रोज करावी लागते, म्हणून कॉम्प्युटरचा माणूस कुठल्यातरी प्रकल्पात बसवायचा आणि काम सगळ्या संस्थेचं घ्यायचं, असं ठिकठिकाणी चालतं.

तर तू त्यांना सरळ विचार, "या कंपनीबरोबरचा करार कुठल्या तारखेला संपतो? त्यानंतर या जागेचा पगार संस्था स्वतःच्या कुठल्या पैशातून देईल?" तोंडी विचारू नकोस, ईमेलवर विचार. "बघू की, काहीतरी होईलच," असं उत्तर आलं तर ते तेवढंच समज. "दुसऱ्या वर्षानंतर ही जागा संस्थेच्या आस्थापनेत घेणार आहोत, विश्वस्तांचा ठराव झालाय," असं आलं तर ठरावाची प्रत माग. मागताना लाजू नकोस. सामाजिक संस्थेत पैशाचं बोललं की आपण हलके ठरू, अशी भीती आपल्या पोरींना फार असते. मला होती, म्हणून सांगते.

दुसरा शब्द नीट ऐक : 'वेतन' की 'मानधन'? आपल्याकडच्या संस्थांत 'मानधन' हा फार गोड शब्द आहे. त्याचा अर्थ पुष्कळदा असा, की तुला नोकर म्हणून न घेता सल्लागार म्हणून घेतलंय. पीएफ नाही, रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि महिन्याला १० टक्के टीडीएस कापून उरलेले हातात. २० किंवा जास्त माणसं कामाला असली की पीएफ लागू होतो, आणि तुझ्या संस्थेत साठ आहेत. तेव्हा नेमणूकपत्र हवं आणि त्यात पीएफचा उल्लेख हवा. सगळ्या साठजणांना 'मानधन'च मिळतं असं कळलं, तर मी तुझ्या जागी जाणार नाही. जी संस्था बिडी कामगारांच्या पीएफसाठी कारखानदारांकडे खेपा घालते, तिनं आधी आपल्या माणसांचा भरलेला असावा.

आता हिशेब. पुण्यातले ६६,०००. भाड्याचा आणि लाइटबिलाचा वाटा १२,००० धरते, मेस आणि नाश्ता ७,०००, जाण्यायेण्याचे ४,०००, महिन्यातून दोनदा हुतात्मा एक्सप्रेसनं घरी आणि येताना सगळ्यांसाठी काहीबाही आणणं ३,०००. उरले ४०,०००. त्यातून हप्ता १६,००० आणि बाबांची औषधं ४,००० गेली की तुझे २०,०००. सोलापूरचे ३८,००० हे 'एकूण' असतील, म्हणजे दोन्ही बाजूंचा पीएफ त्यातच, तर किमान मर्यादेनं १,८०० तुझे, १,८०० संस्थेचे आणि २०० व्यवसायकर वजा करून हातात ३४,२०० येतील. घरखर्चाला ६,०००, पेट्रोल २,०००. उरले २६,२००. हप्ता आणि औषधं गेल्यावर ६,२००. म्हणजे बाबा म्हणतात तसा हातातला पगार जवळजवळ अर्धाच होतो, आणि तुझ्या हातातली शिल्लक २० हजारांवरून ६ हजारांवर येते. तू यावर जगशील, त्याबद्दल मला शंका नाही. प्रश्न बाबांच्या छातीचा आहे.

आत्ता ते तुझ्या कंपनीच्या गटविम्यात असणार. तू राजीनामा दिलास की ते संरक्षण गेलं. साठी ओलांडलेल्या, दम्याची औषधं चालू असलेल्या माणसाचा नवा विमा काढायचा तर जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. म्हणून राजीनाम्याच्या आधी, परत लिहिते, आधी, त्याच विमा कंपनीला विचार की गटविम्यातून आईबाबांना वैयक्तिक पॉलिसीत नेता येईल का. तशी सोय असते आणि आधी थांबलेला काळ त्यात धरला जातो. हप्त्याचा आकडा लेखी घे. तो त्या ६,२०० मधून जायचाय. म्हणूनच संस्थेला ४५,००० माग. ४५ चे हातात ४१,२०० होतात, म्हणजे विम्याचा हप्ता भरूनही तुझ्याकडे काही उरतं. तुझ्या अनुभवाला हा आकडा जास्त नाही. फार तर नाही म्हणतील.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात सहज आलीय : जूनअखेर ५ वर्षं. अगं, कायम नोकरीत ग्रॅच्युइटी ५ वर्षांनी लागते! मूळ पगार ३०,००० धरला तर २६ दिवसांच्या महिन्यातले १५ दिवस, गुणिले ५ वर्षं, असे सुमारे ८६,५०० रुपये होतात. मार्चअखेर रुजू होण्याच्या घाईत हे सोडून येऊ नकोस. संस्थेला सांग, मी १ जुलैला येते. याचा दुसराही फायदा आहे. त्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पुढच्या वर्षाचा हप्ता कंपनीनं सोडला की नाही ते जुलैपर्यंत उघड झालेलं असेल. मधल्या महिन्यांत दोन-दोन शनिवार त्यांच्यासाठी काम कर, फुकट कर. ज्यांना खरोखर तूच हवी आहेस ते तीन महिने थांबतील. आणि पीएफ काढून घेऊ नकोस, यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून नव्या खात्यात वळवून घे.

त्यांच्या मागच्या ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेबही माग. सार्वजनिक न्यास असेल तर ते दरवर्षी धर्मादाय कार्यालयात द्यावेच लागतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तू त्यात एकच ओळ शोध : कॉम्प्युटरवरचा खर्च कुठं दाखवलाय? स्वतंत्र ओळ असेल तर कुणीतरी त्याचा विचार केलाय. 'छपाई व लेखनसामग्री'मध्ये मिसळलेला असेल, तर तुझीही गणना पेन-रजिस्टरांतच होणार, आणि ते बदलणं हे तुझं पहिल्या वर्षाचं खरं काम असेल.

मग एक दिवसाची रजा टाक आणि तिथं जाऊन बस. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. वेबसाइटचा पत्ता कुणाच्या नावावर नोंदवलाय ते विचार. मी पाहिलेल्या तीन संस्थांत तो जुन्या स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर होता, आणि त्यातला एक मुलगा परदेशात गेला होता. बॅकअप कुठं आहे? मे महिन्यात सोलापुरात पारा ४३-४४ वर जातो, वरती पत्रा असेल तर त्या खोलीत माणूस बसत नाही, हार्डडिस्क कशी टिकणार? यूपीएसच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या? मायक्रोसॉफ्ट आणि गूगल नोंदणीकृत संस्थांना ईमेल आणि ऑफिसची साधनं फुकट देतात, ती घेतलीत का, की अजून चोरीचीच विंडोज चालू आहे? बायकांच्या तपासण्यांचे कागद कार्यकर्त्यांच्या खासगी व्हॉट्सॲपवर फिरतात का? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि अभ्यासिकेतली सगळी मुलं त्यात येतात. हे प्रश्न परीक्षा घेतल्यासारखे विचारू नकोस. चहा पिता पिता विचार. उत्तरं "माहीत नाही" आली तरी चालतील, पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर "ही काय नसती कटकट" असं आलं तर लक्षात ठेव.

आणि दुपारी कार्यकर्तीबरोबर गृहभेटीला जा. तिच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खा, तिला बोलू दे. पूर्व भागात पाणी रोज येत नाही, दिवसाआड नव्हे, कित्येकदा चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी कुठली बाई तुझ्या प्रश्नावलीला बसणार? आमच्या पहिल्या नोंदणीत भेटींच्या तारखा सोमवार-गुरुवार अशा ठरवल्या होत्या आणि निम्म्या भेटी 'घर बंद' म्हणून यायच्या. कार्यकर्त्या खोटं लिहितात असा सगळ्यांचा समज झाला. एका कार्यकर्तीनंच शेवटी सांगितलं, "बाई, आधी गल्लीचा पाण्याचा वार लिहून घ्या." त्या एका रकान्यानं काम सुरळीत झालं. तू टेस्टर आहेस. कुठला रकाना माणसाला अडवतो हे शोधणं तुझ्या हाताला बसलेलं आहे. मोबाइलवर प्रश्नावली भरायची ओडीके, कोबोटूलबॉक्ससारखी साधनं फुकट मिळतात, ॲप कुणीही उभं करेल. पण त्यात 'आडनाव सक्तीचं' ठेवलं तर काय होतं, ते कळायला तिथं उभं राहावं लागतं.

नावांवरून आठवलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे जुन्या सगळ्या याद्या श्री-लिपीत टाइप केलेल्या होत्या. ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही तिथं नुसत्या खुणा दिसायच्या आणि कुठलंही नाव शोधून सापडायचं नाही. मी ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसेल अशा अक्षरांत, आणायला घेतलं. रफार तुटायचे, जोडाक्षरं फुटायची, एकेक नाव मूळ रजिस्टराशी ताडून बघावं लागायचं. संध्याकाळी दोन तास, असे सात महिने गेले. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणाला कळलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साखर पेठेतून एक आजी आल्या. नातीची शिष्यवृत्ती अडली होती. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाकडून मिळते ती, तिला कामगाराचं ओळखपत्र लागतं. आजींचं कार्ड घर गळलं तेव्हा भिजून गेलं होतं, नंबर पाठ नव्हता. नाव विचारलं तर तेलुगू उच्चारात सांगितलं. रेशनकार्डावर त्याच नावाच्या शेवटी 'अव्वा', मतदार ओळखपत्रावर 'अम्मा' आणि बँकेच्या पासबुकात 'बाई' लावलेलं. तिन्ही घालून पाहिली, सापडेना. मग मी त्यांच्या सासऱ्यांचं नाव आणि गल्ली एवढंच घालून शोधलं. चार ओळी आल्या. तिसरी त्यांची, पुढं कार्डाचा नंबर, आमच्याच आरोग्य शिबिरात लिहून घेतलेला. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट पदराला पुसलं, काचेवर त्या ओळीवर ठेवलं आणि ओळीच्या शेवटापर्यंत हळूहळू नेलं. मग विचारलं, "हे मी का?" हो म्हटलं. नंबर कागदावर लिहून दिला, त्यांनी तो घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि गेल्या. मी परत अडकलेल्या प्रिंटरकडे वळले.

अकरा वर्षांत असे दिवस किती आले? मोजून पंधरा-वीस. बाकीचे सगळे प्रिंटरचे, पासवर्ड विसरलेल्यांचे, आणि मार्चमध्ये रात्री नऊपर्यंत बसून देणगीदारांचे तक्ते भरण्याचे. तू लिहिलंस की बँकेचं ॲप कोण वापरतं ते कधी पाहिलं नाहीस. इथं तुला दिसेल, पण रोज दिसणार नाही. मला ते पंधरा-वीस दिवस पुरले. तुला पुरतील का, हे तुझ्या शनिवारांत तुलाच कळेल.

परत आयटीत घेत नाहीत हे खरं नाही, पण त्याला एक अट आहे. माझ्या हाताखाली शिकलेली दोन मुलं आज पुण्यात चांगल्या कंपन्यांत आहेत. दोघांनीही संस्थेत केलेलं काम लिहून ठेवलं होतं. आधी काय होतं, काय बदललं, किती नोंदी, किती वेळ वाचला. तिसरा हुशारीत त्यांच्या वरचढ होता, पण त्यानं तीन वर्षं फक्त सांगितलेली दुरुस्ती केली आणि मुलाखतीत त्याला बोलायला काही सापडलं नाही. तू ऑटोमेशन, म्हणजे तपासणी आपोआप करणारे प्रोग्रॅम लिहिणं, सोडू नकोस. डीएचआयएस-२ सारखी आरोग्यनोंदणीची मुक्त प्रणाली कितीतरी देशांची सरकारं वापरतात, हिशेब आणि कारभार सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट तर आपल्या मुंबईतच तयार झालंय. अशा एखाद्या प्रणालीत हात बसला की सामाजिक क्षेत्रातच, सोलापुरात बसून, बाहेरचंही काम मिळतं. २०१८ मध्ये संस्था सोडल्यापासून मी तेच करते, आणि माझं ठीक चाललंय.

बाबांचं राहिलं. त्यांचं वाक्य मी मानापमानाचं धरत नाही. माझे वडील गिरणीत होते. ती बंद पडली तेव्हा मी नुकतीच दहावी झाले होते, आणि थकलेल्या देण्यांसाठी ते कितीतरी वर्षं कागदांची पिशवी घेऊन हिंडले. मागावरच्या माणसाला तर ना पीएफ नीट, ना पेन्शन. ३१ वर्षं आठवड्याच्या मजुरीवर काढलेल्या माणसाला 'प्रकल्प आहे तोवर' हा शब्द ऐकून काय वाटेल? त्यांना समाजसेवा समजावून सांगायला जाऊ नकोस. वरचा हिशेब एका कागदावर मराठीत लिही, विम्याच्या हप्त्यासकट, आणि नेमणूकपत्र हातात आलं की दोन्ही त्यांच्यासमोर ठेव. पीएफची ओळ त्यांना बोटानं दाखव. त्यावर ते नाही म्हणाले तर त्यांचं कारण नीट ऐकून घे, मागावरच्या माणसाला मालकाच्या शब्दाची पारख असते.

तेव्हा माझं मत असं : नेमणूकपत्र पीएफसह, करार निदान १ जुलैपासून पुढची २ वर्षं शिल्लक, आणि आईबाबांचा विमा आधी झालेला. हे तिन्ही जमलं तर ये. ४२ वर अडले तरी ये. विमा होत नसेल तर येऊ नकोस, पुण्यातच राहा आणि शनिवार चालू ठेव. करार वर्षभरातच संपणार असेल आणि पुढचं लेखी कुणी देत नसेल, तरीही येऊ नकोस.

त्या मुलाला मात्र जरूर भेट, आणि संस्थेला कळवण्याआधी भेट. त्यात बरं न दिसण्यासारखं काय आहे? तुझ्या आधी त्या खुर्चीवर तोच बसला होता. पार्क चौकात कुठंतरी चहाला बोलाव. का सोडलंस, असं पहिल्याच वाक्यात विचारू नकोस, अवघडेल बिचारा. निघताना पासवर्ड कुणाकडे दिलेस, ते विचार. सगळे लिहून, सही घेऊन, एका जबाबदार माणसाकडे दिले असतील तर संस्थेत ते घेणारं कुणीतरी होतं. "कुणी मागितलेच नाहीत," असं म्हणाला, तर ते पासवर्ड अजून त्याच्याचकडे आहेत. मग घरी जाऊन मला लिही. संक्रांतीच्या आत उत्तर देईन.